दोनशे सत्तर हात

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, दुपार

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

"आई, किल्ल्यावर धावत जाणं बंद म्हणजे बंद" असं म्हणून तू फोन ठेवलास, त्याला आज आठ दिवस झाले. मी उलट फोन केला नाही. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि तुझे बाबा मधूनच हॅलो हॅलो करत बसतात. पत्रात मला कोणी तोडत नाही. मराठीत लिहितेय, तेव्हा तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. जोडाक्षरावर अडलास तर सूनबाईला विचार, ती पुण्याची आहे. तिला माझं मराठी हिंदाळलेलं वाटेल तर वाटो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला इथे तळ दिला, त्या तळाचंच लश्कर झालं, आणि आपल्यासारखे लोक अजून तळावरच असल्यासारखे राहतात: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी.

आधी त्या रविवारचं नीट सांगते. तुला ते तुकड्यातुकड्यानं कळलंय आणि तुकडे सांगणारी माणसं घाबरलेली होती.

धुकं इतकं होतं की किलागेटला स्कूटर थांबवली तर चहावाल्याची शेगडी दिसत होती, चहावाला दिसत नव्हता. बाबा नेहमीप्रमाणे बाकावर बसले. माझी शाल आणि थर्मास त्यांच्या डिकीत. मी आलमगीरी दरवाजातून आत शिरले आणि वर निघाले. फोन कमरेच्या पिशवीत होता, पण मुका करून ठेवलेला, कारण मी चढाला पाढे म्हणते आणि मध्ये घंटी वाजली की चुकते. पाढ्यांचं नंतर सांगते.

पावणेसातच्या सुमाराला तू दिलेल्या घड्याळानं तुला पुण्याला कळवलं की तुझ्या आईचे ठोके मिनिटाला १६६ झालेत. तू रविवारी पावणेसातला जागा होतास, याचंच मला पहिलं नवल वाटलं. तू मला फोन केलास, मी उचलला नाही. मग बाबांना केलास. बाबांनी मला केला, मी उचलला नाही. आता बाबांनी काय करायचं? चढाला पायी लागायचं, पण गुडघे. म्हणून त्यांनी स्कूटर काढली. आता तुला ठाऊकच आहे, किलागेटच्या बाजूनं गाडी वर जात नाही, गाडीचा रस्ता उरवाईचा. म्हणजे अख्ख्या किल्ल्याला वळसा. धुक्यात दिवा लावून, हळूहळू, ते पश्चिमेकडून वर चढले. आणि मी मानमंदिर महालाच्या भिंतीवरची निळी बदकं डोळे भरून पाहून पूर्वेकडून खाली उतरले.

खाली आले तर बाबा नाहीत, स्कूटर नाही, शाल नाही. चहावाला म्हणाला, "अंकल तो ऊपर गए आंटी, आपको लेने." कुणी बोलावलं होतं अंकलना! पिशवीतून फोन काढला तर अकरा मिस्ड कॉल. बाबांना लावला तर ते गाडी चालवत असल्यामुळे उचलेनात, आणि गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही ही शिस्त मीच त्यांना लावलेली. मी उधारीवर चहा घेतला. घामानं भिजलेला स्वेटर, त्यावर ते धुकं. मला त्या दिवशी काही झालंच असतं तर त्या बाकावर झालं असतं, चढावर नव्हे.

तोवर तू समोरच्या मावशींनाही फोन केला होतास. मावशींना सांगणं म्हणजे लाउडस्पीकर लावणं. आम्ही घरी पोचलो तेव्हा वाड्याच्या पायऱ्यांवर सात-आठ माणसं बसली होती, देवाजवळ समई लावलेली होती आणि कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची धरून उभं होतं. मी चालत आत गेले तर थोडी निराशाच झाली त्यांची.

हसून झालं असेल तर आता गणित.

तुझ्या घड्याळात २२० वजा वय असं सूत्र बसवलंय. मला एकोणसाठ, म्हणून मर्यादा १६१. हे सूत्र सरासरीचं आहे, बाळ. एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे असणं अगदी नेहमीचं. सरासरीबद्दल इथले बनिये म्हणतात ते मी तुमच्या वर्गात दरवर्षी सांगायची: लेखा-जोखा ज्यों का त्यों, कुनबा डूबा क्यों? नदीची सरासरी खोली गुडघाभर निघाली, म्हणून सगळं घर पाण्यात उतरलं आणि मधल्या डोहात बुडालं. तू पहिल्या बाकावर बसून हसायचास.

पण खरी गंमत पुढे आहे. सोमवारी मी गल्लीत प्रयोग केला. नेहमीच्या चालीनं धावले आणि अर्ध्या मिनिटात डावा पाय किती वेळा पडतो ते मोजलं. एकेचाळीस. म्हणजे दोन्ही पायांची मिनिटाला १६४ पावलं. घड्याळात त्याच वेळी ठोके १६५. लगेच थांबून मानेवर दोन बोटं ठेवली, पंधरा सेकंदांत चौतीस. चोक एकशे छत्तीस. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी पुन्हा. थंडीत आणि बाहीवरून सैल बांधलेलं असलं की घड्याळ माझी पावलंच ठोके म्हणून मोजतं! त्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो आणि रक्ताच्या लाटेगणिक परत येणारा उजेड किती कमी-जास्त होतो ते बघतो. थंडीनं मनगटाकडचं रक्त आखडलं की ती लाट बारीक होते, हाताचा झोका मात्र तेवढाच राहतो; मग यंत्र झोक्यालाच लाट समजतं. दुपारी उन्हात, पट्टा घट्ट करून धावले तर बरोबर दाखवलं. सगळे आकडे वहीत आहेत, येशील तेव्हा तपास. इंजिनिअर तू आहेस, पण पडताळा न घेता उत्तराखाली दोन रेघा तू मारल्यास.

आता पाढे. मी बावन्नाव्या वर्षी धावायला लागले तेव्हा मला कुणी शिकवलं नाही. डॉक्टर म्हणाले साखर काठावर आहे, चाला. चालायला लागले तर कंटाळा आला. एक दिवस रेसकोर्स रस्त्यावर, शारीरिक शिक्षण संस्थेच्या कुंपणाबाहेर, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून पाहिलं. पळून म्हणजे काय, पदर खोचून लगबगीनं गेले. दम इतका लागला की खांबाला धरून उभी राहिले. एक मुलगा सायकलवरून जाताना ओरडला, "आंटी, कौन पीछे पड़ा है?" त्या महिन्यात एक खांब पळायचा, दोन चालायचे. पुढच्या महिन्यात एकाला एक. पहिले तीन महिने मी वहाणा घालून निघायची आणि बूट पिशवीतून न्यायची, गल्लीतल्या बायकांनी पाहू नये म्हणून. आता त्याच बायका विचारतात, बूट कुठून घेतलेस. बूट चांगले घ्यावे लागतात एवढं मात्र खरं. पहिल्या वर्षी कापडी बुटांत पळाले आणि टाच गेली. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यासारखं व्हायचं आणि दहा पावलांत ओसरायचं. ते दुखणं मी तुझ्यापासून पाच महिने लपवलं, हे आता कबूल करते. पाण्याची बाटली बर्फ करून तळव्याखाली फिरवायची, भिंतीला टेकून पोटऱ्या ताणायच्या आणि धावायचं नाही. यातलं न धावणं सर्वांत जड गेलं.

तर वेग किती ठेवायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मीच ठरवलं की धावताना एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणता आला पाहिजे. पाढा सलग येतोय तोवर वेग बरोबर. "एकोणतीस सक" म्हटलं आणि पुढचा शब्द फुटेना, की चाल कमी करायची. पुढे कळलं की जगभरचे धावणारे हेच करतात, ते गप्पा मारून पाहतात. माझ्याशी पहाटे गप्पा मारायला कोण येणार? तुझे बाबा बाकावर. कुत्री असतात, पण ती ऐकून घेत नाहीत. कुत्र्यांना पाहिलं की मी पळणं थांबवते आणि हात खाली सोडून चालत जाते. पळणाऱ्याच्याच ती मागे लागतात.

उन्हाळ्यात मला तू पाहिलंच नाहीस, तू मे महिन्यात येत नाहीस. पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा पाच वाजता निघून सहाच्या आत घरी, आणि आल्यावर मीठ घातलेलं पन्हं. लू सुरू झाली की दोन-तीन आठवडे सुट्टी. तू म्हणतोस तसं वेड लागलेलं नाही मला.

लहानपणीही वेड नव्हतंच. एकदाच पळाले होते. श्योपूरची छोटी गाडी आठवते ना तुला? जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरची, २०२० मध्ये कायमची थांबली ती. घोसीपुऱ्याजवळ मुलं तिच्या बरोबरीनं पळायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन, फ्रॉक दोन्ही हातांनी धरला आणि पळाले. एका वळणापर्यंत मी तिच्या पुढे होते! गाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती आणि आजीनं पाठीत दोन घातले. त्यानंतर एकदम बावन्नावं वर्ष. मध्ये बेचाळीस वर्षं. यावर मी काही रडगाणं गाणार नाही, त्या वर्षांत तू झालास, शाळा झाली. फक्त हिशेबाला सांगितलं.

आता किल्ला का, ते.

सपाटीवर चाल, म्हणतोस. आठवड्यातून तीन दिवस सपाटीवरच असते मी. किल्ला फक्त रविवारी, आणि तोही अर्धा चालत; गणेश दरवाजाच्या पुढे मी कधीच पळत नाही. पण त्याच दरवाजाच्या थोडं वर... तुला मी सातवीत नेलं होतं तिथे. तू म्हणालास, "एवढंच?" एका दगडात कोरलेलं, आपल्या स्वयंपाकघराएवढंही नाही असं चतुर्भुज मंदिर. आत भिंतीवर लेख आहे, संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. तिथे शून्य आहे. आपण काढतो तसंच, बारीक गोल.

हल्ली तिथे पोरं मोबाईल धरून "दुनिया का सबसे पहला ज़ीरो" असं ओरडत असतात. मी एकदा थांबवून सांगितलं की कंबोडियातल्या एका लेखात टिंबाच्या रूपात शून्य आहे, तो ६८३ चा, म्हणजे याच्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी जुना. पोरांना राग आला. पहिलं नसलं म्हणून काय झालं? मला या शून्याचं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. हा लेख कुणा पंडिताचा गणितावरचा ग्रंथ नव्हे. देवळाला दिलेल्या जमिनीचा आणि फुलांचा हिशेब आहे तो. देवाच्या फुलबागेला जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. आणि देवाला रोज ५० माळा. ज्यानं कोरलं त्याला शून्याचं काही अप्रूप नव्हतं. मी वाण्याच्या चिठ्ठीवर साखर पाच किलो लिहावं तसं त्यानं ते लिहिलं.

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की शून्याची किंमत जागेवर असते. पण त्या बागेचं क्षेत्रफळ मी कधी काढलं नव्हतं. ते काढलं धावायला लागल्यावर, चढावर, पाढ्यांचा कंटाळा आला म्हणून. पन्नास हजार चारशे नव्वद चौरस हात. मग वाटलं, कडेनं फेरी मारली तर किती? २७० अधिक १८७, दुप्पट, नऊशे चौदा हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर धर. चारशे अकरा मीटर.

बाळ, मी लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे उभी राहिले. घाम पुसायचं विसरले. चारशे मीटर म्हणजे धावण्याच्या मैदानाची एक फेरी! शारीरिक शिक्षण संस्थेत १९५७ पासून पोरं ज्या मापाच्या मैदानाला फेऱ्या घालतात, त्याच मापाची बाग अकराशे वर्षांपूर्वी इथे कुणीतरी आखली, आणि तिच्या कडेनं माळी सकाळी फुलं तोडत फिरत असणार. योगायोग आहे, मला कळतं. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मीच शिकवायची. पण त्या दिवसापासून मी सपाटीवर फेऱ्या मारते तेव्हा त्यांना बागा म्हणते. आज सहा बागा झाल्या. परवा पाय जड होता, तीनच बागा. बाबांनाही आता तीच सवय लागली आहे. मावशींना वाटतं आम्ही नर्सरीतून रोपं आणतो.

हे सगळं वहीत लिहिते. निळी लांबट वही, शाळेत उरलेली हजेरीची. धावून आले की आंघोळीआधी पानभर. आंघोळीनंतर लिहिलं तर ते शहाण्यासारखं होतं. तुला एखाद-दुसरं पान उतरवून देते, म्हणजे मी तिकडे काय करते ते ठोक्यांशिवाय कळेल.

"चार बागा. शहरातल्या फूलबागच्या रस्त्याला झाडूवाली म्हणाली, बहनजी, रोज कहाँ पहुँचना होता है? म्हटलं, घरी. ती म्हणाली, तो निकलती क्यों हो? उत्तर सुचलं नाही. उद्या सुचलं तर सांगावं."

"पाय नाही, डोकंच जड. सूनबाईचा फोन आला नाही म्हणून. मग आला."

"गणेश दरवाजा. धुकं. खालचं शहर नव्हतंच. फक्त आवाज: भोंगा, गुरुद्वाऱ्याचं कीर्तन, कुठेतरी भांडी."

झाडूवालीला अजून उत्तर दिलेलं नाही.

वाचनाचं तू विचारत नाहीस पण सांगते, कारण माझा अर्धा दिवस त्यात जातो. बाबांचा मोतीबिंदू काढला तेव्हा तीन आठवडे त्यांना वाचायची बंदी होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी मोठ्यानं वाचायला लागले. डोळा बरा झाला तरी त्यांनी वाचायचं नाव काढलं नाही. आता रोज वीस पानं मी वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात, झोपले असं समजून मी थांबले की म्हणतात, "पुढे?" जुन्या वाचनालयातलं मराठीचं कपाट आहे, त्यातली निम्मी पुस्तकं दहा-वीस वर्षांत कुणी हलवलेली नाहीत. मागच्या महिन्यात एक आणलं, त्याच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का १९९४ चा. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. धावण्यावरची पुस्तकंही आणून पाहिली, हिंदीतली. त्यांत सगळे स्वतःला जिंकायला निघालेले असतात. मला स्वतःशी भांडण नाही, मग जिंकू कुणाला? परत दिली. शून्याचा इतिहास मात्र दोनदा वाचला, कंबोडियाचं त्यातच सापडलं.

मोठ्यानं वाचताना एक लक्षात आलं. धावून आल्याच्या दिवशी श्वास लांब पुरतो, मोठं वाक्य मध्ये न तोडता जातं. बाबांना यातलं काही ठाऊक नाही, पण ते सांगतात, "आज चांगलं वाचलंस." धावले नसले की तसं म्हणत नाहीत. घड्याळापेक्षा हा हिशेब मला जास्त भरवशाचा वाटतो. यावर तू हसशील. हस.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तू कशाला घाबरलास ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. माझे अण्णा गेले तेव्हा साठ वर्षांचे होते. त्यांच्या वाड्याच्या जिन्यात, चौथ्या की पाचव्या पायरीवर ते बसले आणि तू त्यांच्या मागे होतास. नऊ वर्षांचा. तू खाली येऊन म्हणालास, "अण्णा दमलेत." त्यानंतर कितीतरी महिने मी जिना चढले की तू मागून मोजायचास, एक, दोन, तीन. मी काही बोलले नाही कधी. तुला वाटलं असेल मला ऐकू येत नव्हतं.

मला श्रावणात साठ पूर्ण होतील. गणेश दरवाजापाशी मी चालायला लागते तेव्हा दर वेळी, एकही रविवार न चुकता, अण्णांची आठवण येते. म्हणूनच मी मार्चमध्ये टीएमटी करून घेतली. तुला सांगितलं नाही, कारण तू रजा टाकून आला असतास. पट्ट्यावर चालवतात, चढ वाढवत नेतात आणि छातीला तारा लावून बघतात. डॉक्टरांनी सांगितलं की चालू ठेवा, आणि हेही सांगितलं की छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटलं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाढा येतोय का वगैरे बघत बसू नका, जागीच थांबा आणि माणूस बोलवा. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आणि बाबांकडून पाठ करून घेतलंय. अहवाल कपाटात, तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली. अण्णांनी उभ्या आयुष्यात अशी तपासणी केली नाही, आणि विड्या रोज वीस. तू म्हणशील, मग धोका नाही का? आहे. मी गणिताची बाई आहे, शून्य म्हणणार नाही.

तर असं करू. घड्याळ मी रविवारी बांधीन, पट्टा घट्ट, कातडीला लागून. पण ठोके तुला कळवायचे बंद. मी पडले तर ते आपोआप कळवतं म्हणतात, तेवढं राहू दे. फोन मुका ठेवणार नाही, पाढे चुकले तर चुकले. आणि खाली उतरले की साडेसातच्या आत बाकावरून मी तुला फोन करीन. आठ वाजेपर्यंत आला नाही तर बाबांना कर. मावशींना करू नकोस.

माझा आणखी एक हट्ट आहे, पण हट्टच. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी येते आहे. झेलम एक्सप्रेसनं या दोघं. मेळा चालू आहे, सूनबाईनं अजून तो पाहिलेला नाही; १९०५ पासून भरतो म्हणावं, तुमच्या मॉलच्या आधी. आणि रविवारी सकाळी माझ्याबरोबर वर चल. पळायचं नाही. गणेश दरवाजापर्यंत चालत, पुढेही चालत. पाहिजे तर मागून मोज. स्वेटर दोन आण, इथली थंडी तू विसरलास. मुरैन्याची गजक आणून ठेवली आहे, तिळगूळ मी करीन, बेडई बाबा आणतील आणि तिखट जास्त आहे म्हणून दुकानदाराला नावं ठेवतील.

बाबांच्या पोटऱ्यांना रोज तेल लावते आहे. तेही म्हणतात गणेश दरवाजापर्यंत येईन. पाहू.

एक काम कर. सूनबाईच्या शिवणाच्या टेपानं तुझा हात मोज, कोपराच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माझा बेचाळीस भरला, म्हणजे माझ्या हातानं ती बाग तीनशे चौऱ्याऐंशी मीटरची होते. बाबांचा शेहेचाळीस, त्यांची चारशे वीसची, म्हणून ते कालपासून तोऱ्यात आहेत. तुझा किती भरतो ते कळव.

तुझी
आई

ता. क. घड्याळाचा चार्जर सापडत नाहीये. येताना दुसरा आण. मी मुद्दाम हरवलेला नाही.